हरकत क्रमांक एक

सरकारी कागदावर आपलं नाव यावं म्हणून माणसं काय करत नाहीत! सातबाऱ्यावर नाव चढावं म्हणून भाऊ भावाचा गळा धरतो. शाळेच्या भिंतीवर देणगीदार म्हणून नाव कोरलं जावं, एवढ्यासाठी एकानं एकरभर शेत फुंकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. खैरबर्डीच्या धोंडबा गजभियेचं नाव मात्र न मागता आलं, आणि ते खोडून घ्यायला त्या माणसाला कुहीच्या तहसिलीपासून नागपूरच्या सदर भागापर्यंत पायपीट करावी लागली.

साल एक्याऐंशी. आषाढ सरत आला होता आणि गोपाळराव पाटलाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धानाचा रोवणा सुरू होता. बारा बाया एका ओळीत वाकून, पोटरीएवढ्या गाळात मागं मागं सरकत रोपं खोचत होत्या. या रोपांना आमच्याकडं पऱ्हं म्हणतात. धोंडबाचं काम पऱ्ह्याच्या जुड्या पुरवण्याचं. पाणी निथळणारं टोपलं डोक्यावर आणायचं आणि खाचराच्या कडेच्या धुऱ्यावरून एकेक जुडी बरोबर बायांच्या मागं पडेल अशी फेकायची. त्रेपन्नाव्या वर्षी त्याची मान त्या ओझ्यानं आखडायची, पण फेक अजून चुकत नव्हती. त्याची बायको सिंधूताई ओळीच्या टोकाला होती. टोकाची बाई चालते तशी ओळ चालते, म्हणून पाटील तिथं नेहमी तिलाच उभी करायचा. मजुरी मात्र टोकालाही तीच आणि मधेही तीच.

दुपारी शामला आली. धोंडबाची ही एकुलती एक लेक, मॅट्रिक झालेली, गावच्या बालवाडीत शिकवायची. चपला हातात घेऊन ती धुऱ्यावरून पळतच येत होती.

“बाबा, पंचायतीच्या फळ्यावर तुमचं नाव लागलं.”

“कायचं नाव?”

“दिल्लीले देशाच्या संस्कृतीचं धोरण करून राहिले म्हणते. गावागावात कोणाले कोणती कला येते, त्याची यादी मांगतली. आपल्या गावातून दोनच नावं आहेत. भजनासाठी देवरावबुवा, अन् डफड्यासाठी तुमी.” तिला धाप लागली होती. “पुढं जातबी लिहिली आहे बाबा. जुनी.”

ओळीतल्या बाया कंबर धरून सरळ झाल्या. धोंडबानं टोपलं धुऱ्यावर उतरवलं. त्यातलं गढूळ पाणी त्याच्या कानामागून मानेवर उतरत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बांधीच्या कोपऱ्यात छत्री उघडून बसलेला गोपाळराव मात्र खुश झाला. “आलं का वरून? अरे, मीच सांगतलं होतं ग्रामसेवकाले. म्हणलं, आमच्या धोंडबासारखा हात अख्ख्या तालुक्यात नाही. पंचवीस वर्ष झाले गा, आमचा पोळा मुका जाऊन राहिला. आता त सरकारच म्हणते. या पोळ्याले वाजव बैलाईपुढं.”

“ते बंद केलं जी आमी.”

“तवा केलं असन बंद. आता दिल्लीले पायजे.”

गोपाळराव हे प्रेमानं बोलत होता, हीच खरी अडचण होती. शिवी दिली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. सिंधूताईनं पुन्हा कंबर वाकवली, आणि तिच्यामागं सगळी ओळ वाकली.

छप्पन साली धोंडबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मोहल्ल्यातली बावीसही घरं गेली होती. परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यानं अंगणात डफडं आणलं आणि त्याच्या कातड्यावर विळा चालवला. त्याचा बाप देवाजी ओसरीत बसून रडत होता. “अरे, वाद्याचा का दोष?” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. दोष वाद्याचा नव्हता, हे धोंडबालाही कळत होतं. पण सोळाव्या वर्षापासून तो पोळ्याला पाटलाच्या बैलांपुढं उलट्या पावलांनी वाजवत चालला होता, आणि बैलांची पुरणपोळी खाऊन होईपर्यंत उकिरड्यापाशी धोतराचा सोगा पसरून बसला होता. पावसानं कातडं ढिलं पडलं की शिव्या त्यानंच खायच्या. लग्नात दोन दोन दिवस वाजवून बोटं सुजायची, आणि सगळ्यांच्या पंगती उठल्या की कोणीतरी हाक मारायचं, “ए डफडं, ये गा!” माणसाला नाव आहे हे कोणाच्या लक्षातच नसायचं. विळा त्या हाकेवर चालवला होता. कातडं मधे आलं.

संध्याकाळी हातपाय न धुताच धोंडबा पंचायतीत गेला. ग्रामसेवक वामनराव कंदिलाची काच पुसत बसला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त कोऱ्या रकान्याला फार भ्यायचा.

“मले इचारलं काहून नाही?” धोंडबानं उभ्याउभ्याच विचारलं.

“चांगल्या कामाले कोणी इचारते का गा? वरून तक्ता आला. दोन दिवसांत भरून पाठवा म्हणे. कोरा ठेवला असता त मले मेमो आला असता.”

“खोडा ते नाव.”

“आता माह्या हातात नाही. तक्ता गेला नागपूरले.” वामनरावनं काच बाजूला ठेवली. धोंडबाच्या मानेवर वाळलेला चिखल पाहून त्याला थोडी लाज वाटली असावी. तो उठला आणि फळ्यावरच्या कागदाच्या अगदी खालच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. “हे वाच. हे त तुह्याचसाठी आहे.”

धोंडबा रात्रशाळेत अक्षरं शिकलेला. तो वाचायचा, पण पाय टाकण्याआधी पाण्याचा अंदाज घ्यावा तसं एकेक अक्षर तपासून. ‘सदर मसुद्यावर जनतेच्या सूचना व हरकती मागविण्यात येत आहेत.’ सूचना हा शब्द त्याच्या काही कामाचा नव्हता. हरकत हा मात्र ओळखीचा निघाला. सात वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं त्याच्या दोन एकराच्या धुऱ्यावर नांगर घातला आणि तलाठ्याकडून फेरफार करून घ्यायला निघाला, तेव्हा धोंडबानं हरकत घेतली होती. आणि जिंकली होती. सरकार दरबारी गरिबाला जिंकता येतं असा तो एकच शब्द त्याला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी रोवण्याचा खाडा करून बापलेक कुहीला गेले. तहसिलीबाहेर टिनाच्या छपराखाली रुपराव अर्जनवीस टेबल टाकून बसायचा. तीस वर्षांत त्या माणसानं जमिनीच्या भांडणाशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं, आणि आता लिहायचं वयही राहिलं नव्हतं. त्यानं चष्मा पुसला, टाक उचलला आणि नेहमीच्या चालीवर सुरू झाला.

“अर्जदार धोंडबा वल्द देवाजी गजभिये, राहणार खैरबर्डी. गैरअर्जदार कोण?”

“कोणी नाही जी. यादी आहे.”

“गैरअर्जदाराबिगर हरकत होत नाही.” रुपरावनं शामलानं फळ्यावरून उतरवून आणलेला कागद नाकाशी धरला, मान हलवली आणि लिहिलं: गैरअर्जदार, राष्ट्रीय सांस्कृतिक धोरण, राहणार दिल्ली. “आता चतुःसीमा सांग.”

“आं?”

“चतुःसीमा गा. पूर्वेले काय, पश्चिमेले काय. वस्तू कुठं आहे ते सरकारले समजाले नको?”

शामलाला हसू फुटलं. “काका, शेत नाही जी ते. डफडं आहे.”

“पोरी, हरकत म्हणलं का चतुःसीमा आली, अन् कोर्ट फीचं तिकीट आलं. मी उगाच नाही बसलो इथं तीस वर्ष.”

शामला अजून हसतच होती, पण धोंडबा विचारात पडला होता. धोतराच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, “लिहा. पूर्वेले पाटलाचा गोठा. पश्चिमेले उकिरडा. दक्षिणेले आमचा मोहल्ला. उत्तरेले...” तो थांबला. “उत्तरेले काही नाही जी. मोकळं आहे.”

रुपरावनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. काही न विचारता त्यानं ते तसंच्या तसं लिहिलं, जिभेवर ओलं करून तिकीट चिकटवलं आणि अर्ज लिहिण्याचं काही घेतलं नाही. तिकिटाचे तेवढे घेतले.

आता तुम्ही म्हणाल, सांस्कृतिक धोरणाला कोर्ट फीचं तिकीट कोण लावतं? कोणीच लावत नाही. म्हणूनच तर काम झालं. साध्या कागदावर आलेल्या सूचना कचेरीत दोरीनं बांधून कपाटावर जातात. तिकीट लावलेला अर्ज मात्र नोंदवावा लागतो, त्याला क्रमांक द्यावा लागतो आणि अर्जदाराला बोलवावं लागतं. कारकुनाच्या हाडातच असते ती भीती. अख्ख्या जिल्ह्यातून दोनशे चौदा सूचना आल्या होत्या. हरकत ही एकच. तिला क्रमांक एक मिळाला, आणि श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात धोंडबाला पत्र आलं, की अमुक तारखेला सदर, नागपूर येथील सभागृहात सुनावणीस हजर राहावे.

पत्र गावात येण्याआधी त्याची बातमी आली. गोपाळराव बांधीवर आला तो छत्री न उघडताच.

“हरकत घेतली म्हणे तू? माह्यावर?”

“तुमच्यावर नाही जी, मालक. नावावर.”

“नाव मी देल्लं ना गा!” त्याला खरोखर लागलं होतं. “माणूस मान द्याले जाते, अन् हा तिकीट लावून वापस करते. ठीक आहे. जाय नागपूरले. खोडून आणलं त आणलं. नाही आणलं, त पोळ्याच्या दिवशी सरपंचाले घेऊन तुह्या दारात येतो. सरकारचा कागद दाखवतो. तवा नाही म्हणशीन, त या बांधीत पाय ठेवाचा नाही. तू नाही, सिंधू नाही. निंदणबी दुसऱ्याईले देईन, कापणीबी.”

बाया ऐकत होत्या. हात कोणाचेच थांबले नाहीत. पाण्यात रोपं खोचल्याचा तेवढा आवाज येत होता.

घरी सिंधूताई चुलीपाशी पाय पसरून बसली. महिनाभर गाळात राहून तिच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सडल्या होत्या. ती कोमट एरंडीचं तेल कापसानं एकेका बेचक्यात सोडत होती आणि दात आवळून घेत होती.

“आयका जी,” ती म्हणाली. “दोन एकरात आपलं चार महिने चालते. बाकीचे आठ त्याच्याच बांधीत आहेत. तिथं जाऊन भाषण नका देऊ. नाव खोडा म्हणा, अन् निघा.”

“भाषण मले कुठं येते?”

“तेच म्हणून राहिली. मी येतो संग.” आमच्याकडं बायाही कधीकधी ‘येतो’ म्हणतात. तिनं शामलाला आपल्या जागी ओळीच्या टोकाला उभं केलं, आणि नवऱ्याबरोबर सकाळची बस धरली.

सदरच्या त्या सभागृहात पंखे होते, लाल पायघड्या होत्या आणि खुर्च्या इतक्या मऊ होत्या की दोघंही कडेलाच टेकली. सिंधूताईनं पाय खुर्चीखाली घेतले. पायघडीवर तेलाचे डाग पडतील याची तिला धास्ती होती. एका भिंतीशी लांब टेबलावर वाद्यं मांडली होती. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. एकतारी, किंगरी, चोंडकं, आणि टोकाला एक डफडं. धोंडबानं ते आल्या आल्या पाहिलं आणि मग त्या बाजूला मान वळवली नाही.

दुपारपर्यंत लोक बोलत होते. कोणाला नाट्यगृह हवं होतं, कोणाला मानधन, कोणाला आपल्या मंडळाचं नाव यादीत वरच्या नंबरावर. एक गृहस्थ तर पाऊण तास बोलले आणि शेवटी त्यांना काय हवं होतं ते त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही. समितीचे अध्यक्ष म्हातारे होते. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या शेजारी इंदुताई म्हणून एक प्राध्यापक बाई होत्या, त्या मात्र सगळं लिहून घेत होत्या.

मधुसूदन नावाच्या तरुण कारकुनानं फाइल उघडली. “हरकत क्रमांक एक. गैरअर्जदार, राष्ट्रीय सांस्कृतिक धोरण, राहणार दिल्ली.”

सभागृह खदखदून हसलं. अध्यक्षांनी डोळे उघडले. धोंडबा उभा राहिला. आपण उभं राहिल्यामुळं लोक हसले असं त्याला वाटलं, म्हणून तो पुन्हा बसला, आणि पुन्हा उठला.

“चतुःसीमा,” मधुसूदनलाही हसू आवरत नव्हतं. “पूर्वेस पाटलाचा गोठा. पश्चिमेस उकिरडा.” हसणं थोडं कमी झालं. “दक्षिणेस अर्जदाराचा मोहल्ला. उत्तरेस काही नाही, मोकळे आहे.” तो वाचायचा थांबला तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

मधुसूदन भला पोरगा होता. तो खाली उतरून धोंडबापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, घाबरू नका, काम सोपं आहे. नाव वगळायला नियमात दोनच कारणं दिली आहेत. कलावंत मयत, नाहीतर कला अवगत नाही. तुम्ही तर समोर उभे आहात. तेव्हा मी दुसरं लिहिलंय. इथं सही करा, नाव खोडलं.”

“करा जी,” सिंधूताई म्हणाली. “चारची बस भेटन.”

धोंडबानं पेन घेतलं. सही करण्याआधी वाचायचं, हे रात्रशाळेच्या मास्तरांनी त्याला शिकवलं होतं. तो बोट ठेवून वाचू लागला. “स-द-र-हू क-ला अ-व-ग-त...” बोट थांबलं. “अवगत म्हणजे काय जी?”

“अवगत नाही, म्हणजे येत नाही.”

“कोणाले येत नाही?”

“तुम्हाला, काका. डफडं वाजवता येत नाही.”

धोंडबानं पेन खाली ठेवलं. “मले येते,” तो म्हणाला.

“येत असेल हो. हे कागदापुरतं.”

“कागदासाठीच त आलो ना बापा मी इथवर.”

सिंधूताईनं त्याचा सदरा मागून ओढला. “अजी, लिहू द्या ना! कोण पाहाले येते? बांधी जाईन आपल्या हातची. शामलेच्या लग्नाचं साल आहे. एका शब्दानं काय तुमचे हात झडून राहिले का?” तिचा आवाज चिरकला होता. इतक्या लोकांत आपण बोललो याचीच तिला भीती वाटली.

तिचं काहीच चुकत नव्हतं. एक सही केली असती तर नाव गेलं असतं, पोळा टळला असता, काम राहिलं असतं. धोंडबाला हे सगळं समजत होतं, आणि तरी त्याचा हात पेनाकडं जाईना.

अध्यक्ष पुढं झुकले. “पण येत असेल तर ही आनंदाची गोष्ट आहे. वाद्य इथंच आहे. एकदा वाजवा, आपण ध्वनिमुद्रण करून ठेवू. पुढच्या पिढ्यांना राहील.”

एका उत्साही माणसानं टेबलावरचं डफडं उचलून आणलं आणि धोंडबापुढं धरून त्यावर दोन टिचक्या मारल्या. भिजलेल्या टोपल्यावर मारावं तसा भद्द आवाज आला. धोंडबाचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला.

“ढिलं आहे ते,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “शेका लागते. धानाच्या तणसाच्या आगीवर. जवळून नाही, लांबून, नाही त कातडं चटकते. मंग बोलते ते.”

इंदुताईंनी लिहिणं थांबवलं. “किती येतं हो तुम्हाला?”

धोंडबानं एकदा बायकोकडं पाहिलं. “अकरा गावात माह्या तोडीचा नोता, बाई.”

पंचवीस वर्षांत हे वाक्य त्यानं कोणापुढं उच्चारलं नव्हतं. ते बोलताना त्याचे दोन्ही हात आपोआप पुढं आले होते, उजव्यात जाड टिपरी आणि डाव्यात बारीक काडी धरल्यासारखे. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं हात मागं नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.

“मग का वाजवत नाही?” अध्यक्षांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते.

“अर्जात लिहिलं आहे जी. चारी बाजूनं.”

ज्यानं डफडं आणलं होतं तो माणूस ते घेऊन तसाच उभा होता. मग त्यानं ते जाऊन टेबलावर ठेवलं.

“नियमात दोनच कारणं आहेत,” अध्यक्ष अवघडून म्हणाले. “कला येत असेल तर नाव ठेवावं लागतं.”

“सर,” इंदुताई म्हणाल्या, “लोकांना विचारायचं म्हणून तर आपण गावोगाव फिरतोय. दोनशे चौदा जणांनी आपल्याला जे हवं ते मागितलं. हा एकटा माणूस काय नको ते सांगायला आलाय. आपल्याकडं त्याच्यासाठी रकाना नाही, हा त्याचा दोष कसा?”

इंदुताईंनी मधुसूदनकडून पट्टी मागून घेतली, छापील तक्त्याच्या कडेला शाईनं उभी रेघ मारली आणि नव्या रकान्यात लिहिलं. मग त्याच ओळीत मागं येऊन जातीपुढचा जुना शब्दही खोडला आणि तिथं ‘बौद्ध’ लिहिलं. कागद त्यांनी स्वतः खाली आणून धोंडबाच्या हातात दिला.

त्यानं पुन्हा बोट ठेवलं. सगळं सभागृह थांबलं होतं, पण त्यानं घाई केली नाही. “क-ला ये-ते. वा-ज-वि-ण्या-स न-का-र. ना-व व-ग-ळा-वे.” त्यानं मान हलवली. “येते, हे पयले लिहिलं बाई. हे बराबर केलं.”

“एक विचारू?” इंदुताई म्हणाल्या. “‘येत नाही’ लिहिलं असतं तरी नाव गेलंच असतं. मग एवढ्यासाठी का अडलात?”

धोंडबानं कागदावरचं बोट उचललं. “ज्याले येतच नाही, त्यानं काय सोडलं, बाई? माह्या बापानं ओसरीत बसून आसवं गाळले ते काय उगाच? नाव खोडा. पण म्या सोडलं, हे नका खोडू.”

त्यानं सही केली. अध्यक्षांनीही केली, थोडा वेळ पेन हातात धरून. मधुसूदननं गोल शिक्का मारलेली नक्कल घडी घालून धोंडबाच्या खिशात ठेवली, आणि दोघं पायघडीच्या कडेकडेनं बाहेर आली.

चारची बस चुकली. पाचच्या बसला गर्दी होती, पण मागच्या बाकावर दोघांना जागा मिळाली. सिंधूताई खिडकीशी बसली. राग तिच्या मानेत दिसत होता.

“सांगून आले, मले येते,” शेवटी ती म्हणाली. “आता गोपाळराव कागद वाचून म्हणन, येते त वाजव.”

“म्हणू दे. नकार म्हणूनबी लिहिलं आहे.”

“बांधीतून काढन.”

“काढन,” धोंडबानं कबूल केलं. “कोराडीच्या बिजलीघरात राख उचलाले माणसं घेऊन राहिले म्हणते. जाऊ तिकडं.”

“अन् मी?”

“तुले नको असन त नको जाऊ.”

“मी काहून नाही जाईन? चिखलात आहो, तशी राखेत राहीन.” तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं. दिघोरी मागं पडली. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये नुकतं लावलेलं धान पाण्यात उभं होतं आणि रोवणाऱ्या बाया घराकडं निघाल्या होत्या. धोंडबाला वाटलं, हिला झोप लागली. पण ती जागी होती.

“एक सांगू का?” ती खिडकीबाहेर पाहातच म्हणाली.

“सांग.”

“तुमचं मांगणं आलं ना, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावात मालगुजाराच्या पोरीचं लगन होतं. मी मायसंग घरामागं धान कांडत होती. आपल्याले मांडवापाशी कोण जाऊ देते? दिसत काहीच नोतं, आवाज तेवढा येत होता. माह्या हातचं मुसळ त्या आवाजावरच पडाले लागलं. माय म्हणे, कांडून राहिली का नाचून राहिली वं पोरी?” ती हसली आणि तिचं हसू मधेच अडकलं. “मंग लोकाईले इचारलं, कोण वाजवते. देवाजीचा धोंडबा म्हणे, खैरबर्डीचा. पुढच्या साली तुमचं मांगणं आलं. बाप म्हणे, पोरगं काळं आहे, घर गळकं आहे, एकडाव पाहून घे. मी म्हणलं, पाहाचं नाही. मी तुमाले पायलं नोतं जी, आयकलं होतं.”

धोंडबा तिच्याकडं पाहातच राहिला. अठ्ठावीस वर्षांचा संसार झाला होता. या बाईनं उपास काढले होते, दोन लेकरं पुरली होती, तिसरं मॅट्रिकपर्यंत नेलं होतं, आणि हे कधी सांगितलं नव्हतं.

“कधी बोलली नाही,” तो म्हणाला.

“कशी बोलू? तुमी विळा चालवला तवा मी दारातच होती. बरं केलं, हेबी मले समजत होतं. मंग कोणत्या तोंडानं म्हणू, का मले ते लय आवडे?”

बसमध्ये माणसं होती. बाजार करून निघालेली, पिशव्या मांडीवर घेतलेली, ओळखीची. त्यांच्यादेखत धोंडबाला रडू आलं आणि ते त्याला थांबवता आलं नाही.

“मलेबी,” तो म्हणाला, आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.